आधी झाका, मग टाका

कुठंही उभं राहायच्या आधी ते उजव्या पायानं जमीन चाचपायचे. एकदा, दोनदा. मगच अंगाचा भार टाकायचे. डांबरी रस्ता असो, नाहीतर कुणाच्या घरातली शहाबादी फरशी असो, त्यांचा पाय आधी खात्री करून घ्यायचा. गल्लीत सगळे हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

कोल्हापुरात आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी घातली, मी चालवते. गिरणीवर बसलं की माणसं न सांगता कळतात. कोण डबा पुसून आणतं, कोण पीठ घरी नेऊन पुन्हा तोलतं. तुम्ही कधी अशा जागी बसला असाल तर तुम्हालाही हे ठाऊक असेल. हे गृहस्थ मात्र मला बरीच वर्षं कळले नाहीत.

मूळचे शिरोळकडचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत भाड्यानं राहायचे. सारी हयात बोअर मारायच्या गाडीवर गेली, त्यातली काही वर्षं आफ्रिकेत, केनियात. इथल्याच एका कंपनीनं नेलं होतं. गल्ली त्यांना हत्तीवाले आण्णा म्हणायची. मी नुसतं आण्णा म्हणायचे आणि ते मला अक्का म्हणायचे. मी त्यांना लेक शोभेन अशा वयाची होते, तरी अक्काच.

हत्तीवाले म्हणायचं कारण त्यांचा पत्र्याचा डबा. डब्यावर त्यांनी स्वतः तेलरंगात हत्ती काढला होता. लांबून बघितलं तर सोंड फुटलेली म्हैस वाटायची. त्या डब्यात ते तिकडच्या जनावरांच्या पाण्यासाठी वर्गणी गोळा करत. बोअर मारताना शेजारी चिखलपाण्याचा मोठा खड्डा काढतात. तिकडं असे खड्डे काम झाल्यावर तसेच उघडे राहिले होते. उन्हाळ्यात पाण्याच्या वासानं जनावरं येतात आणि आत पडतात. ते खड्डे बुजवायचे आणि जनावराला उतरून पाणी पिता येईल असे उतरते हौद बांधायचे. तिथल्या एका गावची माणसं हे काम करत होती. आण्णा त्यांना पैसे पाठवायचे.

आता विचार करा, कोल्हापुरात येऊन केनियातल्या हत्तीसाठी वर्गणी. गणपतीत मंडळाच्या पोरांनी त्यांना मांडवात पांढरी चादर बांधून दिली, त्यावर त्यांनी फोटो दाखवले. भेगाळलेली जमीन, हौदाला तोंड लावलेले झेब्रे. एकानं मागून विचारलं, हत्ती पंचगंगेवरच आणला तर स्वस्तात पडंल का? मांडव खदखदला. आण्णाही हसले. मग डबा फिरला आणि खरी गंमत तेव्हा सुरू झाली, कारण आण्णा सहजासहजी कुणाचे पैसे घेतच नसत.

"आधी सांगा," ते म्हणायचे, "तुमच्या दारात उघडं काय हाय? आधी झाका, मग टाका."

कुणाची गटारीची फरशी सरकलेली, कुणाची पाण्याची टाकी बिनझाकणाची. आण्णा पुढच्या आठवड्यात जाऊन स्वतः बघायचे, मगच डबा पुढं करायचे. वर्गणी मागणारा माणूस नोट नाकारतो, हे आमच्या गल्लीनं पहिल्यांदाच बघितलं. त्याच मांडवात कुणीतरी खवचटपणे विचारलं होतं, आण्णा, तुमचं स्वतःचं किती हो यात? त्यांनी डबा काखेत घेतला. मग म्हणाले, "माझं अजून न्हाय." लोकांना वाटलं, म्हातारा चिकट आहे.

आता माझं सांगते. गिरणीच्या मागं आमचं परसू आहे. एका दुष्काळी वर्षी सासऱ्यांनी तिथं बोअर मारली होती. पाणी लागलं नाही. सासरे हिशेबी, त्यांनी आतला पाइपसुद्धा उपसून विकून टाकला. राहिलं भोक. त्यावर पोतं अंथरलं, कडेनं चार दगड ठेवले, झालं. आमच्याकडं सगळेच असं करायचे. पुढं एप्रिलमध्ये आण्णांनी डबा गिरणीवर ठेवायला मागितला तेव्हा नेहमीचा प्रश्न विचारला. गिऱ्हाइकांची रांग होती, मला कटकट नको होती. म्हटलं, "मागं बोअर हाय, पण झाकलीया की." आणि दहाची नोट टाकली. माझा शब्द म्हणून ते बघायला गेले नाहीत.

पुढच्या महिन्यात, मे महिन्याच्या दुपारी, मी पिंकीला जेवायला हाक मारली. पिंकी माझी लेक, चार वर्षांची. गिरणी चालू असली की हाक कुणालाच ऐकू जात नाही, म्हणून बघायला परसात गेले. पोतं जागेवर नव्हतं. आत गेलं होतं. भोकाच्या कडेला पिंकीची वाटी पालथी पडलेली आणि भडंग सांडलेलं.

ओरडले म्हणे मी. मला आठवत नाही. आण्णा तेव्हा डबा न्यायला आले होते, ते आणि रांगेतल्या बायका धावत आल्या. आण्णांनी एकदा भोकाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. पालथे पडून त्यांनी कान भोकाला लावला आणि म्हणाले, "गिरण बंद करा."

कुणीतरी बटण दाबलं. गिरणीचा पट्टा एकदम थांबत नाही, फट फट करत दमत दमत थांबतो. तेवढा वेळ मी जन्मात विसरणार नाही. मग सगळं शांत झालं.

"हाक मारा, अक्का. एकदाच. मग गप ऱ्हावा."

कशीबशी म्हटलं, पिंके. आतून काही आलं नाही. आण्णांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्यांनी आरसा मागितला. बोअरवाली माणसं आरशानं ऊन आत सोडून तळ बघतात, हे मला तेव्हा कळलं. आरसा आणला, पण ते उजेड कडेवरच फिरवत राहिले. आत काही जाईना.

"मला बघवत न्हाय," ते हळूच म्हणाले. मला ऐकू यावं म्हणून नव्हे, असंच.

मी आरसा त्यांच्या हातातून घेतला. मी धरला, त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि आत वाकले. मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. मनात म्हणत होते, देवी अंबाबाई, माझं खोटं माझ्यावर काढ, लेकरावर काढू नकोस.

"पोतं खाली अडकलंय," आण्णा म्हणाले. "पोरगी पडली असती तर त्याच्यावर असती. पोत्यावर काय न्हाय. यात कोण न्हाय, अक्का."

माझा विश्वास बसेना. तेवढ्यात मागून आवाज आला, "आई, गिरण का बंद केलीस?"

पिंकी दारात उभी होती, केसांपासून पायापर्यंत पिठानं पांढरी. भडंग सांडलं, पोतं आत गेलं म्हणून मी मारीन या भीतीनं ती जोंधळ्याच्या पोत्यांमागं लपली होती आणि गिरणीच्या आवाजात तिला झोप लागली. आवाज थांबला म्हणून जाग आली. मी तिला जवळ घेतलं, आधी एक धपाटा घातला, मग रडले.

बायका पांगल्या. आण्णा मात्र भिंतीला टेकून बसूनच राहिले. मी पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं, कधी कुणाला न सांगितलेलं. तिकडं एका जागी बोअर मारून झाली, गाडी पुढच्या जागी हलवायची घाई होती. खड्डा बुजवायचं काम त्यांचं. उद्या बुजवू म्हणून ते निघाले. दुसऱ्या दिवशी परत आले तर खड्ड्यात हत्तीचं पिल्लू. भोवती त्याची आई, आणखी दोघी-तिघी. कुणाला जवळ येऊ देईनात. आण्णा दिवसभर गाडीच्या काचा वर करून बसले होते. पिल्लाचा आवाज येत राहिला, दुपारनंतर बारीक झाला, मग थांबला. आई तिथून हललीच नाही. आण्णांनी काम सोडलं आणि देशात परत आले. तो खड्डा तसाच राहिला.

एवढं सांगून त्यांनी डबा उघडला, माझी दहाची नोट शोधून काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"ही परत घ्या. न झाकता टाकलीया."

ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण ते हळू आवाजात म्हणाले, आणि मी शरमेनं चिडले. मी चिडले की तोंडावर ताबा राहत नाही. म्हटलं, "मला आधी झाका म्हणता, आणि तुमचा खड्डा उघडा टाकून हितं बसलाय व्हय? जावा की तिकडं."

मग कळलं की तिथली माणसं त्यांना केव्हापासून बोलावत होती. जुने खड्डे नेमके कुठं आहेत, हे दाखवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आण्णा नकाशे काढून पाठवायचे, पण जात नव्हते. "भ्या वाटतं, अक्का," ते म्हणाले. "ती अजून तिथं उभी असंल असं वाटतं."

मी त्याच संध्याकाळी गवंडी आणून बोअर बुजवली, वर सिमेंटचा थर घातला. थर वाळल्यावर आण्णांनी येऊन पायानं चाचपून बघितलं, एकदा, दोनदा. मग त्यावर उभे राहिले आणि माझी दहाची नोट घेतली. त्याच वर्षी, पावसाळा सरल्यावर, ते केनियाला गेले. डबा गिरणीवर ठेवून गेले. जाताना त्यांचा चेहरा परीक्षेला निघालेल्या पोरासारखा झाला होता. मी थट्टा केली नाही.

दोन-तीन महिन्यांनी कोपऱ्यावरच्या एसटीडीवाल्याकडं फोन आला. आण्णा तिकडं तापानं गेले. तिथंच मातीही झाली. मी गिरणी बंद केली आणि नुसती बसून राहिले. मीच धाडलं होतं त्यांना. ही टोचणी अजून आहे, जाणार नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पोस्टमननं पाकीट आणून दिलं. बाहेरून त्यांचं अक्षर. गेलेल्या माणसाचं पत्र हातात आलं आणि मला ते उघडायची भीती वाटली. पिंकीनंच फोडलं. आत एक फोटो होता. सपाट केलेली लाल जमीन, तिच्या मधोमध आण्णा, दोन्ही पाय घट्ट रोवून उभे. मागं हत्ती वगैरे काही नव्हतं, नुसतं आभाळ.

फोटोच्या पाठीमागं दहाची एक नोट चिकटवली होती. खाली लिहिलं होतं, "अक्का, झाकलं. आता माझे टाका."