आंब्याची बाटली आणि अण्णांचा केक

आधी चहाचा घोट गिळून घ्या, मग सांगतो. तोंडात चहा असताना हा किस्सा ऐकलात तर माझा शर्ट जायचा. शिवाय त्या दिवशी माझी जी काही अब्रू गेली ती गेलीच, आता पुन्हा कशाला!

तेव्हा आम्ही मस्कतला दार्सैतमध्ये राहत होतो. मी, बायको मेघना आणि आमची सई, आठ वर्षांची. नोकरी वादी कबीरला, एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. सिगारेट ओढायचो. एक दिवस सई म्हणाली, "बाबा, तुझा शर्ट स्मेल करतो. मला हग नको." झालं! लागलं ते मनाला. पाकीट फेकून दिलं.

फेकलं खरं, पण दोन दिवसांत माझा चेहरा असा झाला की वर्कशॉपमधली माणसं माझ्याशी बोलायला घाबरायला लागली. मग आमचे स्टोअर सांभाळणारे मुबीनभाई, दाभोळचे, धावून आले. सिगारेटीच्या जागी ओढायची ती बॅटरीवरची वेप इकडे दुकानात उघड मिळत नसे. ते दुबईला भावाकडे गेले होते, येताना माझ्यासाठी एक वेप घेऊन आले. पेनाएवढी बॅटरी, वर काचेची छोटी टाकी आणि टाकीत भरायला आंब्याच्या स्वादाचं लिक्विड.

"हे बघ प्रकाश," मुबीनभाईंनी शाळा घेतली, "टाकी भरताना वाकडी धर, काचेच्या कडेकडेने सोड. मधल्या नळीत एक थेंब जाता कामा नये. नवीन कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी ती तार, घातलीस की तिच्या कापसावर आधी चार थेंब टाक, टाकी भर आणि पाच-दहा मिनिटं गप बस. कोरडा कापूस जळला की कॉइल खलास. आठवड्याला टाकी खोलून कोमट पाण्यानं धू, पूर्ण वाळव. ती रबराची रिंग हरवू नको. उन्हात गाडीत ठेवू नको, सगळं गळतं. आणि मेन गोष्ट, बाटली पोरीच्या हाताला लागू देऊ नको. त्यात निकोटीन आहे, विष आहे ते. वरचं लेबल काढू नको."

मी मान डोलावली. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला माणूस मी, एवढीशी टाकी मला काय सांगता?

पहिल्याच दिवशी मधल्या नळीत ओतलं. अर्बाबसमोर, म्हणजे आमच्या ओमानी मालकासमोर, मीटिंगला बसलो आणि शर्टाच्या खिशातून चिकट ओघळ पोटापर्यंत. अर्बाब बिचारा टिश्यूचा डबा पुढे सरकवत म्हणाला, "ज्यूस?" मी म्हटलं, "येस सर, ज्यूस."

बाकी सगळं शिकलो हळूहळू. एकच गोष्ट ऐकली नाही. लेबल काढून टाकलं! का? तर मेघनाला कळू नये म्हणून. आपला नवरा सगळं सोडून शुद्ध झाला, अशी तिची समजूत. ती मोडायची हिंमत होत नव्हती.

त्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे मेघनाचे वडील, चिपळूणचे निवृत्त मुख्याध्यापक. हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर महिनाभर राहायला आले. ते नुसते खाकरले तरी माझ्या हातातला मोबाईल आपोआप खिशात जायचा.

आणि त्यांचा वाढदिवस नेमका त्याच महिन्यात, शुक्रवारी. मेघनानं ठरवलं, घरीच आंब्याचा केक करायचा, बिनअंड्याचा. शेजारच्या सावंतवहिनी, त्यांची मुलं, मुबीनभाई, सगळ्यांना संध्याकाळचं बोलावणं.

दुपारी सगळे झोपलेले बघून मी स्वयंपाकघरात टाकी धुवायला घेतली. धुतली, टिश्यूपेपरवर वाळत घातली, बाटली ओट्यावर ठेवली. तेवढ्यात मागून खाकरणं!

"प्रकाशराव, चहाचं काही जमेल का?"

काय सांगू! टाकी एका खिशात, बाटली दुसऱ्या खिशात आणि हातात चहाचं पातेलं, असा मी वळलो. जादूगाराला जमणार नाही इतक्या वेगानं.

संध्याकाळी पाहुणे जमले. मेघना म्हणाली, "अहो, मेणबत्त्या राहिल्या. खाली दुकानातून आणता?" आणतो म्हणजे काय, मी तर वाटच बघत होतो! मेणबत्त्या घेतल्या आणि पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसलो. नवीन कॉइल लावली. कापसावर थेंब, कडेकडेने धार, दहा मिनिटं गप. एकदम मुबीनभाईंच्या पद्धतीनं. आणि मग ओढला की एक झुरका!

आई गं! घशातून जणू कोणी तापलेला झारा फिरवला. जळक्या साखरेचा वास, डोळ्यांतून पाणी. मी खोकत खोकत गाडीतला दिवा लावला आणि बाटली पाहिली.

बाटलीवर लेबल होतं. त्यावर पिवळाधमक आंबा. खाली लिहिलेलं, मँगो इसेन्स, फॉर केक्स अँड पुडिंग्ज.

मी क्षणभर हसलोसुद्धा. गंमत बघा, म्हटलं, घाईत चुकून मेघनाची बाटली उचलली. आणि मग माझं हसू जागच्या जागी थिजलं.

ही बाटली माझ्या खिशात, तर माझी कुठे? ओट्यावर. आणि ओट्यावर मेघना काय करत होती? केक!

फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कोणी उचलत नाही. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकलेली. मी जिन्यानं पळालो. चार मजले! माझं पोट तुम्ही बघताच आहात. प्रत्येक मजल्यावर मला सई दिसत होती, हातात केकची बशी घेऊन.

दार ढकललं. मेणबत्त्यांची वाट बघून शेवटी केक कापलाही होता, बशा फिरल्या होत्या. अण्णांच्या हातात केकचा तुकडा, तोंडापासून वीतभर लांब.

"थांबा! कोणी खाऊ नका!" मी ओरडलो आणि सासऱ्यांच्या हातावर फटका मारला. तुकडा उडाला तो थेट सावंतवहिनींच्या नव्या साडीवर.

"अहो!" मेघना किंचाळली. "वेड लागलं का?"

"प्रकाशराव," अण्णा सावकाश म्हणाले, "यात अंडं आहे का?"

"अंडं नाही..."

"मग पाल पडली का हो?" सावंतवहिनी साडी झटकत उठल्या.

आता बघा, देवानं आयती पळवाट दिली! मी म्हटलं, "हो! पाल! पाल पडली!"

"कधी?" मेघना कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मी ओट्यापासून हलले नाही. आणि तुम्ही खाली होतात. पाल तुम्हाला खाली येऊन सांगून गेली?"

तेवढ्यात सई म्हणाली, "पण बाबा, मी ऑलरेडी खाल्ला. दोन पीस. किचनमध्ये. आईनं दिला."

संपलं. मी मटकन खाली बसलो. कसली अब्रू आणि कसलं काय! सासरे, शेजारी, सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलून टाकलं. "मेघना, मी वेप ओढतो. सिगारेटीच्या जागी. त्याचं लिक्विड ओट्यावर होतं, लेबल नसलेल्या बाटलीत. तू ते केकमध्ये घातलंस. त्यात निकोटीन आहे! मुबीनभाई, गाडी काढा, सईला हॉस्पिटलमध्ये न्यायचंय, यल्ला!"

मुबीनभाई ताडकन उठले. त्यांची बशी रिकामी होती. तोंड पांढरं पडलं. "या अल्ला, मी तर दुसऱ्यांदा घेतला!"

मेघना मात्र जागची हलली नाही.

"लेबल नसलेली बाटली मी अन्नात घालीन?" ती म्हणाली. "मला काय समजलात तुम्ही?"

"मग... मग केक आंब्याचा कसा?"

"इसेन्स सापडेना, म्हणून आमरसाचा डबा फोडला. तुमची बाटली बेडरूममध्ये कपाटाच्या वर आहे, सईचा हात पोचणार नाही अशी. झाकण घट्ट लावून. तुम्ही तर सैल ठेवलं होतंत."

मी सईकडे बघितलं. ती मजेत बोटं चाटत होती. मी तिला असं काही कवटाळलं की ती म्हणाली, "बाबा, क्रीम लागेल!" मला हसूही येत होतं आणि रडूही. घसा अजून जळत होता, पण काय सुख होतं महाराजा! मुबीनभाई भिंतीला टेकून "शुक्र है, शुक्र है" करत होते. पुढच्या मिनिटाला त्यांनी तिसरा तुकडा घेतला.

"तुला माहीत होतं?" मी मेघनाला हळूच विचारलं.

"बेसिनशेजारी दर आठवड्याला काचेचं नळकांडं वाळत असतं. ते काय सईचं औषध आहे? तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. आता उरलेलंही सोडा हळूहळू."

राहिले अण्णा. ते अजून आपल्या लाल झालेल्या हाताकडे बघत होते. मी पुढे झालो, वाकून नमस्कार केला. "अण्णा, माफ करा. हात उगारला तुमच्यावर. आणि हे व्यसन लपवलं."

अण्णा खाकरले. मी डोळे मिटून घेतले.

"प्रकाशराव, खरं सांगू? मला फार बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"मी आल्या दिवसापासून बघतोय. तुम्ही बाथरूममधून आलात की आंब्याचा वास. बाल्कनीतून आलात की आंब्याचा वास. म्हटलं, परदेशात बारा महिने मिळत असेल. इतके दिवस मी समजत होतो, आमचा जावई लपूनछपून हापूस खातो आणि सासऱ्याला एक फोडसुद्धा विचारत नाही!"