डांबर आणि पिसं

नववीच्या पुस्तकात अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध दीड-दोन पानांत संपत होतं. आमच्या सरांनी ते दिवाळीपर्यंत पुरवलं. सर नुकतेच बी.एड. करून आले होते. पुस्तक मिटून इतिहास शिकवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. बुटाच्या टाचेत चिठ्ठी लपवून शत्रूच्या छावणीतून शीळ घालत चालत गेलेला चौदा वर्षांचा मुलगा, पावसात घोडा दामटत गावोगाव लोकांना उठवत फिरलेली मुलगी, गोळीबारात ताशा वाजवत उभा राहिलेला आमच्याहून लहान पोरगा, अशा गोष्टी ते सांगत. त्या वर्षी कारगिल होऊन गेलं होतं, त्यामुळे वर्गातल्या सगळ्यांनाच सैनिक व्हायचं होतं. मला सैनिक नाही, सर व्हायचं होतं. मी पुढे पदवीपर्यंत गेलो, आमच्या वाडीतला पहिलाच. त्याचं मोठं श्रेय मी त्या सरांना देतो.

आमची वाडी संगमेश्वरच्या आतल्या बाजूला. तिथली शाळा सातवीला संपायची. वडील मुंबईत एका खानावळीत होते, आणि सातवीनंतर मीही तिथेच ताटं विसळायला जायचं, असं ठरलेलं होतं. रत्नागिरीत एका बागायतदारांच्या आंब्याच्या बागेत माझे मामा राखणीला होते. मामांच्या शब्दावर त्या बागायतदारांनी मला घरी ठेवून घेतलं. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागलो. पडवीत झोपायचं, अंगण झाडायचं, झाडांना पाणी घालायचं, दूध आणायचं. दोन वेळचं जेवण आणि शाळा त्यांच्याकडे. हे उपकार लहान नव्हते. काकांनी मला घालवलं असतं, तर माझ्यापुढे खानावळीची मोरी होती, आणि हे मला रोज सकाळी अंगण झाडताना आठवायचं.

काकांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. सहामाहीत मी पहिला आलो, तेव्हा काका जेवताना त्याला म्हणाले, "बघ रे. पडवीत निजणारा पहिला येतो, आणि तू पंख्याखाली बसून इतिहासात छत्तीस आणतोस. पानावर बसायची लाज वाटत नाही?" मी मागच्या दाराशी जेवत होतो. मला ऐकू जावं असंच ते बोलले होते. मुलाने मान वर केली नाही.

स्नेहसंमेलनासाठी सरांनी स्वतः नाटक लिहिलं. त्या शूर मुलांच्याच गोष्टी एकत्र गुंफल्या होत्या. चिठ्ठी नेणारा मुलगा म्हणजे नायक, ते काम काकांच्या मुलाला मिळालं. त्याचा आवाज खणखणीत होता आणि त्याच्याकडे बूट होते. राहिला तो इंग्लंडच्या राजाच्या बाजूचा मुलगा. त्याच्या बापाने राजाचं मीठ खाल्लेलं असतं, म्हणून तो स्वातंत्र्यवाल्यांची बातमी शत्रूला देतो, पकडला जातो, आणि गावातली मुलं त्याला डांबर फासून, पिसं चिकटवून, बांबूवर बसवून मिरवतात.

"हे कोण करील?" सरांनी विचारलं. एकही हात वर झाला नाही.

"सर, ह्याला द्या," काकांचा मुलगा माझ्याकडे बोट करून म्हणाला. "ह्याला दुसऱ्याचं मीठ खायची सवय आहे."

वर्गात हशा पिकला. सरही हसले, मग हसू आवरून म्हणाले, "काम मोठं आहे रे. सगळ्यात जास्त वाक्यं त्यालाच आहेत." ते खरं होतं. मी आनंदाने हो म्हटलं.

नाटकाची धुंदी आम्हाला चढली. बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्याचा प्रसंग सरांनी नुसता सांगितला होता, नाटकात नव्हता. तो करून बघायचा म्हणून एका रविवारी पोरांनी काकांच्या शेडमधल्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या भाट्याच्या किनाऱ्यावर नेल्या, त्यांत सुरूचा पालापाचोळा भरला आणि आरोळ्या देत समुद्रात फेकल्या. मीही ओरडलो. खूप मजा आली. मग ओहोटीने पेट्या आत ओढल्या आणि कोणाच्या तरी लक्षात आलं, की काका विचारतील.

"जा रे, आण," काकांचा मुलगा मला म्हणाला.

"मी एकटा?"

"मग काय मी जाऊ? घरातलं सामान सांभाळायचं काम कुणाचं?"

मी पोहत जाऊन एक-एक पेटी ढकलत आणली. पोरं काठावर बसून, "राजाचा नोकर, राजाचा नोकर," म्हणत ताल धरत होती. शेवटच्या पेटीला माझे हात इतके गळाले, की तिलाच धरून मी तरंगत राहिलो. किती पेट्या आल्या, हे कुणी मोजतही नव्हतं.

तालीम काकांच्या शेडमध्ये होत असे. डांबर म्हणून काकवी लावायची, असं सरांनी सांगितलं होतं. पिसं कोंबडीवाल्याकडून आणून धुऊन वाळवली होती. त्या दिवशी सर कपडे भाड्याने ठरवायला गेले होते. मला खांबाला बांधून झालं, तेव्हा काकांचा मुलगा एक डबा आणि रंगाचा ब्रश घेऊन आला. झाकण उघडताच मला वास आला. काजूच्या टरफलांचं तेल. काळपट, दाट, दिसायला काकवीसारखं. वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना ते लावतात. हाताला लागलं तर कातडी उतते, म्हणजे भाजल्यासारखे फोड येतात. म्हणून डबा माळ्यावर कुलपात असायचा आणि किल्ली काकांकडे.

"ही काकवी नव्हे," मी म्हणालो.

"मग काय आहे?"

"काजूचं तेल. उतेल रे."

"ऐका! गद्दार घाबरला!"

"थट्टा नको, खरंच उतेल."

"अमेरिकेत गरम डांबर लावायचे. सरांनी सांगितलं ना? तिथली पोरं काय 'उतेल रे, उतेल रे' म्हणत रडत होती?"

ताशेवाला मुलगा म्हणाला, "अरे, पण खरंच उततं हां. आमच्या आज्याचा हात..."

"तू राजाच्या बाजूचा का? तुलाही लावू?"

ताशेवाला काड्या हातात घेऊन वाजवायला लागला.

मी डोळे घट्ट मिटले. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी, गळा. त्याने खांब रंगवावा तसा सावकाश ब्रश फिरवला. मग पिसं. मग मला बांबूवर बसवून त्यांनी शेडला फेऱ्या मारल्या, "स्वातंत्र्याचा विजय असो" म्हणत. खाली उतरवताना तो माझ्या कानाशी वाकला. "आता ये पहिला," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माझे डोळे उघडेनात. चेहरा सुजून पाण्याने भरलेल्या फोडांचा झाला. काकूंनी नारळाचा रस काढून दिला, पण लावला मीच, कारण फोडांतल्या पाण्याचा स्पर्श दुसऱ्याला झाला तर त्यालाही उततं, असं लोक म्हणत. त्याच कारणाने माझं अंथरूण पडवीतून शेडमध्ये गेलं. काकूंनी एकदाही विचारलं नाही, की हे कसं झालं.

सर भेटायला आले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला, मेकअपचा खर्च तरी वाचला." मला हसू आलं आणि गालावरचा फोड फुटला. सरांनी मान वळवली. "संमेलनापर्यंत उभा राहशील ना? इतकी वाक्यं आता दुसऱ्याची पाठ व्हायची नाहीत." मी हो म्हटलं. मला भेटायला सर स्वतः आले, ह्याचं मला त्या वेळी फार वाटलं. अजूनही वाटतं.

मामांनी निरोप धाडला आणि आई एसटीने आली. काका झोपाळ्यावर होते, शेजारी त्यांचा मुलगा. आई पायरीवर बसली. तिने माझ्याकडे बघितलं, मग फक्त माझ्याशीच बोलली.

"कुनी लावलान?"

झोपाळा थांबला. काका म्हणाले, "पोरांचा खेळ झाला हो. आमच्याकडून काही कमी पडलं असेल, तर त्यालाच विचारा."

मी नाव घेतलं असतं, तर आईने माझी पिशवी उचलून त्याच गाडीने मला परत नेलं असतं. मग दहावी नाही, काही नाही.

"मीच," मी म्हणालो. "काकवीचा डबा समजून मीच माळ्यावरून काढला."

"तू वासानं वळाखतस. ल्हानपनापासून."

"सर्दी होती."

"सर्दी," आई म्हणाली.

किल्ली कुणाकडे असते, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. काका झोपाळ्याला पायाने रेटा देत म्हणाले, "बघा, चूक झाली तर कबूल करतो. मुलगा गुणी आहे तुमचा." आणि आत वळून आईसाठी चहा सांगितला. आईने हात जोडले.

मी आईला स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागल्यावर ती एकदम म्हणाली, "तुज्या बापाच्या हातावर गिऱ्हाइकानं कढत आमटी वतलान. मला काय सांगतो? म्हनतो, माजाच धक्का लागला. तूबी तसाच." मला वाटलं, आता ती म्हणेल, चल घरी. ती म्हणाली, "धावी कर. मग ह्या दारात उबा ऱ्हाव नको." गालाला लावायला तिने हात पुढे केला, पण लावायला जागाच नव्हती. तो हात तसाच मागे घेऊन ती गाडीत चढली.

मी त्या घरात राहून दहावी केली. काकांनी पेढे वाटले, आणि ते मनापासून वाटले.

आई गेली त्या दिवशी स्टँडवरून मी चालत परत आलो. शेडमध्ये तालीम सुरू व्हायची होती. काकांचा मुलगा बूट घालत बसला होता.

"गेली तुझी आई?"

"गेली. तुझं नाव नाही सांगितलं मी."

"मला ठाऊकच होतं," तो नाडी आवळत म्हणाला.

सर टाळ्या वाजवून सगळ्यांना आपापल्या जागी बोलावत होते. मी खांबाशी जाऊन उभा राहिलो.