मांडवामागची म्हैस

आमच्या लग्नातल्या म्हशीचा किस्सा नात्यागोत्यात सगळ्यांना पाठ आहे. कुठल्याही लग्नात पंगती उठल्या, पान तोंडात टाकून माणसं सतरंजीवर टेकली की कुणीतरी आमच्या यांना म्हणणारच, "म्हशीचं सांगा की." मग हे सांगणार. खुलताबादच्या पलीकडं डोंगरातल्या वस्तीवर लग्न. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि मांडवामागच्या कडब्याच्या खोलीतून पत्र्याच्या दारावर धडका. यांनी भटजींकडं बघितलं, भटजींनी माझ्या काकांकडं. काका म्हणाले, म्हैस व्यायला आलीय, कोंडून घातलीय. त्यावर हे अंतरपाटाआडून म्हणाले होते, "बरंय की, एका मांडवात दोन शुभकार्यं." वाजंत्रीवाल्यांना जोरात वाजवायला सांगितलं आणि लग्न लागलं.

चाळीस वर्षं लोक या किश्श्यावर हसले. मीही हसले, तोंडाला पदर लावून. त्या खोलीत म्हैस नव्हती. माझी आई होती.

धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर तिचं जे बिघडलं ते सुधारलंच नाही. एकटीच बोलायची, अंगावरच्या कपड्याचं भान नसायचं, दिसेल त्या वाटेनं चालत सुटायची. वडिलांनी जमेल ते केलं. दर्गे झाले, देवऋषी झाले, एकदा शहरातला डॉक्टरही झाला. मग ती खोली. माझं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा काकांनी ठरवलं, मुलाकडच्यांना सांगायचं की पोरगी तीन वर्षांची असताना आई बाळंतपणात वारली. याड लागलेल्या बाईची लेक कोण करून घेणार? वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं, पण लेकीचं लग्न मोडायचं पाप कुणी अंगावर घेत नाही. कन्यादान काका-काकूंनी केलं. मी एकोणीस वर्षांची होते, आणि मला कुणी बांधून घातलं नव्हतं. सासूबाईंनी विचारलं तेव्हा, आई मला आठवतसुद्धा नाही, असं मी माझ्याच तोंडानं सांगितलं.

हे सगळं मी पोटात ठेवलं. शहरात छावणी भागातल्या या घरात नांदले, शाळेत तीस वर्षं मुलांना अक्षरं शिकवली, मुलगा वाढवला, त्याचं लग्न केलं. पोटातलं पोटातच राहिलं असतं. सुनेनं एम. ए. करायचं ठरवलं आणि घात झाला. खरं तर तिनं कुठं ठरवलं? मीच तिच्या मागं लागले. मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली पोरगी, नातू शाळेत जायला लागला तरी दुपारभर टीव्हीसमोर बसायची. मला बघवेना. वस्त्या-खेड्यांत जाऊन लोकांच्या मनाच्या दुखण्यावर काम करणारे समुपदेशक तयार करायचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघालाय, असं मीच पेपरात वाचलं. अर्ज आणायला तिच्याबरोबर मीच गेले. नातवाला मी सांभाळलं, डबा मी करून दिला. शेजारणी म्हणायच्या, सासू असावी तर अशी. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वर्षी तिला बिडकीनजवळच्या एका आरोग्य केंद्रात बसवलं. प्रत्यक्ष माणसांशी बोलायचे साठ तास भरायचे, प्रत्येक भेट वहीत लिहायची, मग त्यांना शिकवणाऱ्या मॅडम सही करणार. पण माणसं येईनात. बाया रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायच्या, "समुपदेशन कक्ष" ही पाटी वाचायच्या आणि पुढं निघून जायच्या. एकीला तिनं बोलावून बसवलं, तर ती बाई म्हणाली, "मला काय याड लागलंय व्हय?" आणि पिशवी उचलून चालती झाली. महिना संपला तरी वहीत चार भेटी. एक दिवस पोरगी घरी आली आणि ओट्याला टेकून रडायला लागली.

"एवढंच ना," मी म्हणाले, "माझ्यावर कर सराव."

तिनं डोळे पुसले. मॅडमना विचारून सांगते म्हणाली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, चालेल म्हणाल्या.

दुपारची भांडी झाली, नातू शाळेत असला की ती पुढच्या खोलीत दोन खुर्च्या मांडायची. समोरासमोर नाही, जरा तिरक्या. फोन पालथा घालायची आणि पहिल्यांदा एकच वाक्य म्हणायची, "इथं बोललेलं इथंच राहील." मला हसू यायचं. दर दोन वाक्यांनी ती "हं" म्हणायची, तर मी तिला चिडवायचे की अगं, म्हशीसारखी काय हुंकारतेस. आधी मी तिला गुडघ्याचं सांगितलं, मग मुलगा पाळीवरून आला की दोन शब्द बोलत नाही ते सांगितलं. सगळं वरवरचं. पण तिला एक गोष्ट फार छान शिकवली होती. माणूस थांबलं की आपण बोलायचं नाही, थांबायचं. आमच्या घरात असं कुणी कधी थांबलं नव्हतं. पाचव्या की सहाव्या खेपेला त्या थांबण्यात मी म्हणाले, "ती म्हैस नव्हती."

मग तीन दुपारी मी बोलत होते. लग्नानंतर दोन वर्षांनी आई गेली, तेही सांगितलं. होळीचा दिवस, घरी पुरणाचा स्वयंपाक. काकू डोळे दाखवायचं निमित्त करून छावणीत आली. मी पोळी लाटत होते. ती शेजारी पाटावर टेकली आणि हळूच म्हणाली, "परवा तुझी आई सुटली." मी लाटणं थांबवलं नाही. लग्न झालेल्या लेकीला आईचं तीन दिवसांचं सुतक असतं, पण माझी आई तर सासरच्या हिशेबी सतरा-अठरा वर्षांपूर्वीच मेलेली. मेलेल्या बाईचं पुन्हा सुतक कसं धरणार? मी पोळ्या लाटल्या, देवाला नैवेद्य दाखवला, सगळ्यांना वाढलं. काकूला दहा दिवसांचं सुतक, तरी कुणाला संशय नको म्हणून तिनंही पोळी खाल्ली.

सून रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही एकोणीस वर्षांच्या होता, आई." चाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. त्या रात्री मला झोप लागली, लहान मुलासारखी. मी तिला फक्त एकच बजावलं, यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. ती म्हणाली, कुणाच्याच नाही.

वर्ष संपताना विद्यापीठात त्यांच्या विभागात कार्यक्रम झाला. घरच्यांना बोलावणं होतं. मी इरकल नेसले, यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. सुरुवातीला मॅडम बोलल्या. भली बाई दिसली. म्हणाल्या, हे काम जबाबदारीचं आहे, म्हणून आम्ही मुलांना पहिल्याच दिवशी नियम सांगतो की घरच्या माणसाचं समुपदेशन करायचं नाही, कधीच नाही. मी सुनेकडं बघितलं. ती हातातले कागद सारखे करत होती.

तेव्हाच मला उठता आलं असतं. पण मला वाटलं, वहीतले तास भरायला थापा मारल्या असतील पोरीनं, मारू देत. एवढं तर मी तिला तिथल्या तिथं माफ करून टाकलं.

मग तिचं नाव पुकारलं. पडद्यावर अक्षरं आली. एक बाई, अंगणवाडी सेविका, विदर्भातलं गाव. मी निवांत ऐकत होते. वडील, काका, मानसिक आजार असलेली आई, ठरत आलेलं लग्न. मला कळायला वेळ लागला याचं मला आजही नवल वाटतं. आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून शुद्ध भाषेत आली की ती ओळखू येत नाही. आणि मग ती म्हणाली, "लग्न लागत असताना आई आतून दार वाजवत होती. पाहुण्यांना सांगण्यात आलं, म्हैस व्यायला आली आहे."

तिनं गाव बदललं, नोकरी बदलली, वय बदललं. म्हैस तेवढी बदलली नाही. ती बदलली असती तर सभागृहात तो हळहळीचा आवाज आला नसता ना. पुढं पडद्यावर दोन शब्द मोठे लिहून आले, "दडपलेला शोक". मला आपलं वाटत होतं की मी संसार करत होते.

हे माझ्या शेजारी पेंगत होते. म्हशीला जागे झाले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि शेवटपर्यंत पडद्याकडं बघत राहिले. टाळ्या खूप झाल्या. यांनीही वाजवल्या.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. परक्यानं चुगली केली असती तर मी भांडले असते, रस्त्यावर उभी राहून भांडले असते. हिच्यासाठी मी अर्ज आणला होता.

येताना रिक्षात हे रिक्षावाल्याशी तेवढं बोलले, नगर नाक्यावरून घे म्हणाले. घरात शिरले ते सरळ न्हाणीघरात. भर दुपारी डोक्यावरून पाणी ओतल्याचा आवाज बाहेर येत होता, तांब्यामागून तांब्या. बाहेर आले, पंच्यानं डोकं पुसत खुर्चीवर बसले.

"उशिरा कळलं तर नुसती अंघोळ पुरते म्हणतात," ते म्हणाले. मग विचारलं, "खरी तिथी कोणती?"

मी सांगितली. होळीच्या दोन दिवस आधीची, त्रयोदशी.

ते बराच वेळ हिशेब लावत होते. "त्या होळीला काकू आल्या होत्या," ते म्हणाले. "नको नको म्हणत होत्या, मी आग्रह करकरून पोळी वाढली त्यांना." आणि मग, "मला नाय सांगितलंस. सुनेला सांगितलंस."

पहिली दोन वर्षं भीती होती, हे खरं. पण पुढची अडतीस? त्या प्रत्येक लग्नात मी त्यांना त्या सतरंजीवर बसून माझ्या आईवर हसू दिलं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही ते सहन झालं नसतं.

सून संध्याकाळी आली, पाया पडायला वाकली, मी पाय मागं घेतले. ती रडली. म्हणाली, मी दुसरीच केस वाचणार होते, मॅडमनी आदल्या दिवशी वही चाळली आणि हीच वाच म्हणाल्या. मला नाही म्हणता आलं नाही. त्यांना तुम्ही बिडकीनच्या बाई वाटता. नाव तर बदललं होतं ना, आई. मी तिला विचारलं, नाव बदललं की माणूस बदलतं का? ती गप्प बसली. पण हे थांबणं निराळं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक कागद घेऊन माझ्यापुढं आली. संमतीपत्र. मॅडमना तिचं काम विभागाच्या पुस्तिकेत घ्यायचं होतं आणि वहीला हा कागद जोडलेला नव्हता. तो नसेल तर वही धरत नाहीत, वही धरली नाही तर डिग्री नाही. मी चष्मा लावून वाचलं, मास्तरीण होते, वाचल्याशिवाय सही करत नाही. "माझी माहिती कुठं वापरली जाईल हे मला आधी सांगण्यात आलं आहे." खाली सही आणि तारीख.

"तारीख मागच्या ऑगस्टची टाका, आई," ती खाली बघत म्हणाली.

मी पेन घेतलं. त्या कागदासाठी तिची दोन वर्षं अडली होती, आणि ती दोन वर्षं मीही तिच्याबरोबर घातली होती. हे दारात उभे होते, पेपर हातात धरून. मी आधी ते "आधी सांगण्यात आलं" खोडलं. मग खाली सही केली. आणि सहीखाली त्या दिवशीची तारीख घातली.

"आई, या तारखेनं सगळं अडेल."

"अडेल," मी म्हणाले. "एका पोरीचं लग्न अडू नये म्हणून मी माझ्या आईच्या मरणाची तारीख खोटी सांगितली. आता दुसरी खोटी तारीख माझ्यानं लिहवणार नाही."

तिनं तो कागद मॅडमना नेऊन दिला, हे तिचं मी मान्य करते. फाडूनही टाकता आला असता. तास पुन्हा भरावे लागले, डिग्री वर्षभर लांबली. आता ती एका दवाखान्यात बसते. लोक म्हणतात, फार चांगलं ऐकून घेते. घेतच असेल, मला माहीत आहे. घरी मी तिच्याशी बोलते. भाजी कुठली आणायची, नातवाचा डबा, गॅस कधी संपला. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या अजून तिरक्याच आहेत. तिथं मी बसत नाही. हे लिहिताना मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, आणि म्हैस मात्र ठेवली आहे. पण ती माझी आहे.

गेल्या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न झालं. जेवणं उरकली, सतरंजी पडली, आणि कुणीतरी यांना म्हणालं, "म्हशीचं सांगा की." सून पानाचं तबक फिरवत होती, ती होती तिथं थांबली. माणसांच्या डोक्यांवरून यांनी माझ्याकडं बघितलं आणि वाट बघत राहिले. प्रेमानं नाही, त्या दुपारपासून तसं ते बघत नाहीत. पण विचारत होते. त्या म्हशीबद्दल आजवर मला कुणी काही विचारलं नव्हतं, काकांनी नाही, सुनेनं नाही. मी मान हलवून नको म्हणाले.

"वय झालं," हे लोकांना म्हणाले, "विसरलो मी ते."