सदर महिला पत्त्यावर राहत नाही

गेल्या वर्षी काही दिवस असे गेले, की मला विमान चालवायची परवानगी होती, पण विमानापर्यंत चालत जायची नव्हती.

वैमानिकाचा परवाना खिशात होता. डॉक्टरांचा दाखला होता. वर्षाच्या परीक्षा झाल्या होत्या. फक्त गळ्यातल्या कार्डाची मुदत संपली होती. विमानतळावर काम करणाऱ्या प्रत्येकाला, झाडू मारणाऱ्या मावशींपासून कॅप्टनपर्यंत, हे कार्ड लागतं. त्यावर फोटो आणि फोटोखाली काही अक्षरं. एकेक अक्षर म्हणजे एकेक भाग, म्हणजे तुम्हाला कुठपर्यंत शिरता येईल ते. नवी होते तेव्हा ती अक्षरं मी पाठ केली होती आणि समोरून येणाऱ्या माणसाचं तोंड बघायच्या आधी कार्ड वाचायचे. सामान चढवणाऱ्या एका मामांकडे माझ्यापेक्षा दोन अक्षरं जास्त होती. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. ती अक्षरं कशाची, हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही.

नियमांवर मी लवकर चिडते. पण चिडून झालं की हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल, याचा विचार सुरू होतो आणि मग राग कुठल्या कुठे जातो. एकदा फाटकावरच्या जवानाने माझ्या पर्समधली चिमुकली कात्री काढून घेतली. मी म्हटलं, "दादा, माझ्या सीटमागे कुऱ्हाड लावलेली असते." खरंच असते, संकटात फोडाफोडी करायला. तो शांतपणे म्हणाला, "कुऱ्हाड आमच्याकडून आत जात नाही मॅडम, ती आधीपासून आतच असते." या उत्तरावर मी लँडिंगपर्यंत विचार करत होते. चुकीचं काय आहे त्यात, ते मला अजून सापडलेलं नाही.

तर कार्ड दर तीन वर्षांनी नवं करायचं आणि त्यासाठी कायमच्या पत्त्यावर पोलिसांनी चौकशी करायची. माझा कायमचा पत्ता उत्रोली, तालुका भोर. शहरात आजवर मी पाच भाड्याची घरं बदलली, वडील गेल्यापासून आईही माझ्याजवळच असते, तरी 'कायमचा' असा रकाना आला की हात आपोआप उत्रोली लिहितो. आधीच्या खेपेला वडील होते. हवालदार आले, वडिलांनी खुर्ची दिली, चहा झाला, अहवाल गेला. या खेपेचा अहवाल असा आला: 'सदर महिला दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. स्थानिक इसमांकडे चौकशी केली असता सदर महिलेस कोणीही ओळखत नाही.'

'कोणीही' हा शब्द मी तीनदा वाचला.

पास देणाऱ्या खिडकीतले गृहस्थ सभ्य होते. तात्पुरता पास तरी द्या, असं मी म्हटलं. ते म्हणाले, "अहवाल यायचा असता तर दिला असता. तुमचा आलाय. आणि विरुद्ध आलाय."

"बारा दिवसांनी माझी चाचणी आहे हो."

साधी चाचणी नव्हती ती. नऊ वर्षं मी उजव्या सीटवर बसत आले होते. डावी सीट कॅप्टनची. ती मिळायच्या आधीची ही शेवटची चाचणी, परीक्षक बाहेरून येणार होते, आणि तारीख हुकली की माझा नंबर पार मागे जाणार होता. पुन्हा वर्ष-दीड वर्ष. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "तिकीट काढलंत तर आधार कार्डावर आत जाता येईल."

"आणि?"

"आणि मागे बसता येईल." ते चेष्टा करत नव्हते.

मी संतापून बाहेर आले. पण बसमध्ये बसेपर्यंत संतापाच्या जागी तो एक शब्दच राहिला होता. दहावीपर्यंत ज्या गावात वाढले, तिथे मला ओळखत नाही असं म्हणणारं हे कोणीही म्हणजे कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी मी एस्टीने निघाले. कापूरहोळला उतरून भोरच्या गाडीची वाट बघत चहा घेतला. चहावाल्याने विचारलं, "कुठल्या तुमी?" मी म्हटलं, "उत्रोलीची." त्याने मान डोलावली. त्याला कागद लागला नाही.

ठाण्यातले हवालदार पन्नाशीचे होते. त्यांनी बारनिशीच्या वहीत नोंद शोधली, कागद काढला आणि माझ्याकडे जरा अवघडून बघितलं.

"मॅडम, म्या सोता गेलतो. खळ्यावर सात-आठ बाया भात झोडत व्हत्या. सगळ्यांनी न्हाई म्हनून सांगितलं. एक म्हातारीच जास्त बोलत व्हती. म्हनली, अशी कोण बाई न्हाई हितं, कवाच नव्हती."

"त्या म्हातारीचं घर कुठलं?"

"विहाराच्या मागलं. निळ्या दाराचं."

निळ्या दाराचं घर आमचं. माझा कायमचा पत्ता तो. आणि तिथे राहणारी म्हातारी म्हणजे माझी सख्खी काकी.

दुपारी परत चौकशीला येतो, जबाब घेऊ, असं हवालदार म्हणाले. मी टेम्पोत बसून उत्रोलीला गेले. काकी खळ्यावरच होती. मला बघून तिने हातातला भारा टाकला आणि पदराने तोंड पुसत पुढे आली.

"आगं, कशाला आलीस? पोलिस हुडकाय लागल्यात तुला!"

"माहीत आहे. तू काय सांगितलंस त्यांना?"

"आसं काय सांगती? घालवला की त्याला." काकीचा चेहरा नुसता फुलला होता. "नाव सुदीक लागू दिलं न्हाई तुजं. ह्या समद्या व्हत्या, इचार."

सगळ्याजणींनी माना हलवल्या. एकीने तर, मी पोरीला शाळेतसुद्धा बगितली न्हाई म्हनले, असं कौतुकाने सांगितलं. मला मिठी मारायला सात-आठ बायका आल्या. मला ओळखत नसल्याची शपथ घ्यायला तयार असलेल्या बायका. मी हसायला लागले आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण डावी सीट मला समोरून निघून चाललेली दिसत होती.

"काकी, अगं मीच बोलावलं होतं त्यांना. मी इथली आहे का, एवढंच विचारायला आले होते ते."

काकी भाऱ्यावर बसली. मग सावकाश म्हणाली, "तुज्या काकाच्या टायमाला बांधावरनं भांडान झालं, तवा आसाच एकजन आला. म्हनला, घरात हायत का? म्या म्हनलं, व्हय, जेवत्यात. ताटावरनं उठवून नेलं त्यास्नी. दोन दिस. तवापास्नं म्या पोलिसाला घरातलं मानूस दावत न्हाई."

काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी त्याच घरात वाढले आणि ही गोष्ट मला माहीत नव्हती.

मग तिचे प्रश्न सुरू झाले. मला वाटायचं कुतूहल माझं एकटीचं आहे, पण ते घराण्यातलं निघालं. "इमान तू चालवती न्हवं? मग तुला आत कोन सोडत न्हाई?" मी म्हटलं, फाटकावरचा जवान. "त्याला इमान चालवाय येतं?" नाही. "मग तुज्याबिगर नेनार कोन?" दुसरा कोणीतरी, ज्याचं कार्ड आहे. काकी म्हणाली, "आनि तुज्याबद्दल त्यास्नी म्या सांगायचं. म्या कवा इमानतळ बगितला न्हाई." मी म्हटलं, हो, नियम तसाच आहे. तिला तो फारसा पटला नाही, पण स्वतःचा मान त्यात आहे हे लक्षात आलं असावं. ती केस सारखे करून बसली.

हवालदार मोटरसायकलवर आले. काकीने त्यांना खुर्ची दिली, कागद मांडीवर घेऊन ते लिहायला लागले. "आता खरं सांगा आजी. ही कोन?"

"माज्या दिराची ल्येक."

"मागच्या बारीला न्हाई म्हनला व्हता."

"मागच्या बारीला तुमी चोराची चौकशी केल्यावानी इचारलं."

हवालदार हसले, लिहिलं, मग पेन थांबलं. "हितं राहतात का?"

मी पटकन "हो" म्हणणार, तेवढ्यात काकीने माझ्याकडे बघितलं. मागची कितीतरी वर्षं मी गावी आले ती मयताला आणि लग्नाला. सकाळी यायचं, संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. या घरात मी शेवटची कधी झोपले, ते मला आठवेना. माझ्या लक्षात आलं, की काकीने पहिल्या वेळी सांगितलेल्या सगळ्या थापांत एक गोष्ट खरी होती. सदर महिला दिलेल्या पत्त्यावर राहत नव्हती.

"तुमी सांगाल ते लिहितो," हवालदार म्हणाले. "सही आजींची."

"सही?" काकी म्हणाली. "मग न्हाई. तोंडानं कायबी बोलंन पोलिसाशी. सही म्या बचत गटात जाऊन शिकले. खोट्याखाली करायची न्हाई."

"काकी!" मी जवळजवळ ओरडलेच. "माझी नोकरी आहे ती. नऊ वर्षं घालवलीत मी."

"मग ऱ्हा की," ती म्हणाली. "दोन दिस ऱ्हा. मग करते सही. कोन न्हाई म्हनतंय?"

हवालदारांनी पेनचं टोपण लावलं. "परवा येतो," ते म्हणाले आणि खुर्चीतून उठता उठता, कुणी न विचारता, पुढे बोलले, "माजाबी कायमचा पत्ता वेल्ह्याचा हाय. घराला कुलूप हाय. माज्याबद्दल तिथं कुनी इचारायला गेलं, तर काय सांगतील कुनाला ठावं." मग गाडीला किक मारून गेले.

मी राहिले. रागातच राहिले, हे कबूल करते. पहिल्या दिवशी मी भात झोडलं आणि कोपरापर्यंत हात सोलून घेतले. दुसऱ्या दिवशी काकीने मला वाडीभर फिरवलं, दारोदार थांबून. "हिला बगून ठेवा. उद्या कुनी इचारलं तर न्हाई म्हनायचं न्हाई." लोक मला बघून ठेवत होते. एका आजोबांनी चष्मा लावून बघून ठेवलं. विमानाला रिव्हर्स असतो का, असं एकाने विचारलं. मी सांगितलं, मागे घ्यायचं असलं की ट्रॅक्टर लावतात. ट्रॅक्टर म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अर्धा तास त्यावर चर्चा झाली, ट्रॅक्टरवाल्याला कार्ड लागतं का इथपर्यंत. लागतं, मी म्हटलं. त्याच्याही गावाला हवालदार जातो.

संध्याकाळी काकी आणि मी ओसरीवर भाकरी खाल्ली. राग कधी गेला ते कळलं नाही. मला बरं वाटत होतं, आणि इतकं बरं वाटतंय याची लाजही वाटत होती.

ठरल्याप्रमाणे हवालदार आले आणि त्यांनी लिहिलं: 'सदर महिला नोकरीनिमित्त बाहेरगावी असते व येऊन-जाऊन दिलेल्या पत्त्यावर राहते. वर्तणूक चांगली.' काकीने ते त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. 'येऊन-जाऊन' या शब्दावर तिने मला विचारलं, "बरूबर हाय का?" मी हो म्हटलं. मग तिने जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक अक्षर जोडत सही केली.

कार्ड चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी हातात पडलं. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "बघा, झालं की नाही?" जवानाने ते उलटसुलट करून बघितलं आणि मला आत सोडलं. चाचणी झाली. परीक्षकांनी हात मिळवला. मी डाव्या सीटवरून उठले, बाहेर आले आणि आईच्याही आधी काकीला फोन लावला.

"काकी, कॅप्टन झाले."

"व्हय? बरं झालं," ती म्हणाली. "आनि त्ये कार्ड? मिळालं का?"

"मिळालं की. त्याशिवाय आत कसे सोडतील?"

"किती दिसाचं हाय?"

"तीन वर्षांचं. मग परत चौकशी, परत हवालदार, परत तुझी सही. सगळे वैमानिक वैतागलेत या प्रकाराला. निदान पाच वर्षं तरी करा म्हणून अर्ज देणार आहेत."

पलीकडे तिने येक, दोन, तीन असं मोजलं.

"तीन लई झाली," काकी म्हणाली. "दर साली करायला काय हुतंय त्यास्नी?"