माझं रक्त, तिच्या प्लेटलेट

मुलगी जन्मली तेव्हा चांगली खणखणीत रडली. दिवस भरलेले, वजन नीट. धाराशिवच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला पुसून माझ्या कुशीत दिलं, तेव्हा तिच्या पोटावर आणि मांड्यांवर बारीक लाल ठिपके दिसले. सासूबाई म्हणाल्या, उष्णतेचं असतं, जाईल. मलाही तसंच वाटलं. दुपारपर्यंत तिला जिथं जिथं धरलं होतं तिथं निळं पडायला लागलं. तपासायला टाचेतून थेंबभर रक्त घेतलं, तर ते थांबेचना.

प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, तिच्यात जवळजवळ नव्हत्याच. डेंग्यूत त्या उतरतात एवढंच मला ठाऊक होतं. पण डेंग्यू कुणालाच नव्हता. माझ्या तपासल्या, तर त्या व्यवस्थित.

अँब्युलन्सनं सोलापूरला निघालो. माझे टाके ओले होते, तरी मी राहिले नाही. तुळजापुरात गर्दीमुळं गाडी थांबली, तेव्हा सासूबाईंनी आतूनच मंदिराच्या दिशेला हात जोडले आणि मग सोलापूर येईपर्यंत सोडलेच नाहीत.

तिथं तिला रक्तपेढीतल्या प्लेटलेट चढवल्या. आकडा वर गेला आणि सकाळी पुन्हा होता तिथं आला. दुसरी पिशवी लावली, तिचंही तेच. तेव्हा तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मला आणि माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या की जसे रक्तगट असतात, तशा प्लेटलेटवरही खुणा असतात. माझ्या प्लेटलेटवर त्यातली एक खूण नाही. बाळाच्या प्लेटलेटवर ती आहे, वडलांकडून आलेली. माझ्या शरीराला ती परकी वाटली, म्हणून त्यानं त्या खुणेविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या, आणि त्या नाळेतून बाळात जाऊन तिच्या प्लेटलेट मारत राहिल्या. रक्तपेढीतल्या पिशव्यांतही बहुतेक हीच खूण असते, म्हणून त्या टिकत नाहीत.

मी विचारलं, "मग कुणाच्या टिकतील?"

"तुमच्याच," त्या म्हणाल्या.

मला मशीनला लावलं. माझ्या प्लेटलेट काढून, त्यातलं माझं अँटीबॉडीचं पाणी धुऊन टाकून, त्या तिला चढवल्या. त्या टिकल्या. नवे ठिपके उठायचे थांबले, टाचेचं रक्त थांबलं. नवरा बाहेर जाऊन पेढे घेऊन आला. ते अजून वाटलेही नव्हते, तेवढ्यात डोक्याच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट आला. मेंदूत रक्तस्राव होता, आणि तो जुना होता. पोटात असतानाच झालेला.

मी कळंब डेपोत कंडक्टर. सातव्या महिन्यापर्यंत ड्यूटी केली होती. सासूबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "गाडीच्या दणक्यानं झालं." मी डॉक्टरबाईंना ते विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, तुम्ही घरात झोपून राहिला असता तरी हेच झालं असतं. त्यांना वाटलं, यानं मला बरं वाटेल. गाडीचा दोष असता तर मी नोकरी सोडली असती. रक्त कुठं सोडू?

मुलगी वाचली. ती मान धरत नव्हती, नजर देत नव्हती, दिवसातून कितीतरी वेळा आकडी यायची. बेंबळीला घरी आणल्यावर बायका बाळ बघायला यायच्या आणि तिच्याऐवजी माझ्याशीच बोलून जायच्या.

दुसऱ्या खेपेला आम्ही आधी तपासण्या केल्या. ती खूण नवऱ्याला आईकडूनही आलेली होती आणि वडलांकडूनही. म्हणजे त्याच्या प्रत्येक लेकरात ती उतरणार. पण उपचार आहे, म्हणाले. दर आठवड्याला मला सलाईनमधून औषध द्यायचं, म्हणजे अँटीबॉडीचा जोर कमी होतो. आम्ही एकही आठवडा चुकवला नाही. नवरा रानातलं काम टाकून गाडी काढायचा. सलाईननं माझं डोकं फुटायचं, वांत्या व्हायच्या, तरी मला वाटायचं, हे सोसलं की काहीतरी फिटेल.

पुढच्या एका सोनोग्राफीला डॉक्टर बाळाच्या डोक्याचीच जागा पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. स्क्रीन त्यांनी माझ्याकडं वळवली नाही. तेव्हाच मला कळलं. थोड्याच दिवसांत हालचाल थांबली. मुलगा होता.

त्याला पुरून आल्यावर नवरा ओसरीवर बसून राहिला. मी पाणी नेऊन दिलं. तो म्हणाला, "माझ्याबिगर दुसऱ्या कुणाशी तुझं लगीन झालं असतं, तर जगली असती लेकरं."

मला म्हणायचं होतं, तुमचंही तसंच आहे. पण ते सांत्वन नव्हतं. मी तांब्या घेऊन आत गेले. त्यानंतर माझं ऑपरेशन झालं. पुन्हा प्रयत्न करायचं कुणी म्हणालं नाही, मीही नाही.

मुलगी आता माझ्या मांडीत मावत नाही. मी ड्यूटीवर असते तेव्हा सासूबाई तिचं बघतात, आणि फार निगुतीनं बघतात. कुणी विचारलं तर अजून गाडीचंच सांगतात. मी खोडत नाही. त्यांच्या लेकाचं नाव त्यात येत नाही.

मध्ये तापासाठी मुलीचं रक्त तपासलं. प्लेटलेट अगदी छान आहेत, असं पोरसवदा डॉक्टर हसून म्हणाला. खरंच होतं ते. माझ्या अँटीबॉडी तिच्या अंगातून केव्हाच निघून गेल्या होत्या. मी बरं म्हटलं, तिला खांद्यावर टाकलं आणि बाहेर आले. दुपारी तिला वरणभात कुस्करून भरवला. अर्धा तोंडातून परत आला, तो पुसला, पुन्हा भरवला.