रंगीतच रोल टाका

आमच्या घरातल्या परत्येक बाळाचा पयला फोटो शिळफाट्याच्या फोटोवाल्या काकांकडं काढतात. त्यांच्याकडं अजून रोलचा कॅमेरा हाय. मी नि सासू माझ्या तान्ह्या पोरीला घेऊन गेलो, तर काकांनी इचारलं, "कुठला रोल टाकू? रंगीत का ब्लॅक अँड व्हाईट?"

सासू पटकन बोलली, "ब्लॅक अँड व्हाईटच टाका. काळी पोर हाय, त्यात रंग कळायचा नाय." आनि पोरीच्या तोंडाला पावडर थापली.

सासूपुढं बोलायचं म्हनजे मला दम लागतो. पन पोर शिंकायला लागली तशी मी पदरानं तिचं तोंड पुसलं नि बोलले, "काका, रंगीतच टाका."

"तुला काय कळतं गं? सातवीतनं शाळा सोडलेली तू! उद्या हिच्याशी लगीन कोन करंल?"

"आई, ती अजून मान धरत नाय, नि तुमी लगीन काय काढलंत?"

काका हसले, रंगीत रोल टाकला. मी पोरीची मान सावरत तिला कॅमेऱ्यापुढं धरली. काका मला म्हनाले, "हलू नको गं पोरी, फोटो हलंल."

"हलला तर हलू दे," मी बोलले. "रंग हाय तसा येऊ दे."