धुळ्याकडची गाडी

लिहावं की नाही, हे ठरवण्यातच माझे बरेच दिवस गेले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते काय, तर कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यतीतलं एक भांडण. जाणत्या माणसांनी यात वेळ घालवू नये, असंच मला वाटतं. तरी ते डोक्यातून जात नाही, म्हणून आधीच माफी मागून लिहितो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पाचोऱ्याजवळच्या गावातून मी जळगावला शिकायला आलो आणि कॉलेजनंतर एका कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागलो. रविवारी क्लास सुटला की सर दोन मशीन वायरने जोडून द्यायचे. दोघांनी दोन पडद्यांसमोर बसायचं आणि एकाच रस्त्यावर गाड्या पळवायच्या. माझा जोडीदार वर्गातलाच मित्र, वकिलांचा मुलगा. त्याच्या घरी स्वतःचा कॉम्प्युटर होता. मला रविवारचा तो थोडा वेळ मिळायचा; तो हवं तेव्हा खेळायचा. बाणांच्या बटणांवर त्याची बोटं न बघता फिरायची. ते बघताना मला त्याचा हेवा वाटायचा.

मी वाईट चालवत नव्हतो. खोड एकच होती. पडद्यावरच्या छोट्या आरशात मागून गाडी येताना दिसली, की मी डावीकडे गवतात उतरून तिला वाट द्यायचो. कपाशीची बैलगाडी हाकताना माझ्या वडिलांनी, आबांनी, मला लहानपणापासून तेच शिकवलं होतं, "मागे गाडी शे, बाजूले व्हय!" हात आपोआप तिकडे जायचा. गवतात माझी गाडी मंदावायची आणि मित्र निघून जायचा.

"अरे, साईड काय देतोस? मी काय एस.टी. आहे का?" तो ओरडायचा आणि सगळे हसायचे.

आमच्या क्लासची दुसरी शाखा धुळ्याला होती. टेलिफोनच्या लाईनवरून जळगाव विरुद्ध धुळे अशी शर्यत लावायची, असं सरांनी ठरवलं. खुर्ची एकच होती. ती कुणाला द्यायची हे आम्हा दोघांच्या शर्यतीवरून ठरणार होतं. मला ती खुर्ची फार हवी होती. गावी जाऊन सांगावं असं दुसरं काही माझ्या हातून अजून झालं नव्हतं.

त्या दिवशी काही झालं तरी गवतात उतरायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. शेवटच्या वळणावर मी पुढे होतो. आरशात तो आला. मी जागा सोडली नाही. त्याने मागून ठोकलं आणि दोन्ही गाड्या उलट्या झाल्या.

"मागच्याने ब्रेक मारायचा असतो," मी म्हणालो.

"रोज साईड देतोस, आज नाही दिलीस. मला कसं कळणार?"

"म्हणजे चूक माझी?"

"सवय तूच लावलीस ना!"

पोरांमध्ये दोन तट पडले. हायवेवर मागून ठोकणाऱ्यालाच लोक धरतात, असं माझ्या बाजूचे म्हणत होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं. "चूक त्याची आहे," मित्राकडे बोट दाखवत ते म्हणाले, "पण हात सफाईदार आहे. धुळ्यासमोर तोच बसेल."

चूक त्याची, आणि खुर्चीही त्याची!

शर्यतीच्या दिवशी मी त्या खुर्चीमागे उभा होतो. फोनवरून आलेली धुळ्याची गाडी पडद्यावर सरळ धावत नव्हती, उड्या मारल्यासारखी दिसत होती. शेवटच्या फेरीत ती पुढे होती आणि मित्र तिला चिकटून. वळणाआधी मित्र आतल्या बाजूने गाडी पुढे काढायला डावीकडे घुसला आणि त्याच क्षणी धुळ्याची गाडीही उडी मारून डावीकडे आली. धडक बसली. मित्राची गाडी पलटली, धुळ्याची कशीबशी सावरून पुढे गेली.

"मुद्दाम आडवी घातली! लबाड साले!" मित्र उठून ओरडला. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. आतून मात्र मला बरं वाटत होतं. त्या रात्री मेसमध्ये मी एक पोळी जास्त खाल्ली.

दिवाळीत नरडाण्याचा माझा मामेभाऊ गावी आला. तो त्या धुळ्याच्या क्लासलाच जायचा. तुमच्यातला तो लबाड कोण, असं मी त्याला विचारलं.

"लबाड? काय बोलस भो!" तो म्हणाला. "सोनगीरकडना पोऱ्या शे तो. त्याना बाप ट्रॅक्टर चालावस. मागे गाडी दिसनी, म्हणून त्यानी साईड दिन्ही. तुना मित्र उजवीकडथून काबर नही गया?"

त्या खुर्चीत मी असतो, तर उजवीकडून सरळ निघून गेलो असतो. आरशात बघून बाजूला होणारा आणखी एक जण या जगात होता, आणि आमची गाठ पडता पडता राहिली होती. एखाद्या रविवारी त्याच्याशी शर्यत लावून देशील का, असं मी मामेभावाला विचारलं.

"आते तो कोठे मोकळा शे?" तो हसला. "तुना मित्रनी भांडाले त्याले फोन लावा व्हता. भांडता भांडता दोस्ती व्हयी गयी. आते दर रविवारले दोन्ही जण फोनवरच खेळतस, तो आमना क्लासना कॉम्प्युटरवरथून, तुना मित्र घरना कॉम्प्युटरवरथून."